खरवस कोणाच्या दारात

भाटकारणीने मला म्हशींच्या डोणीत तोंड घालून पाणी प्यायला लावलं, तेव्हा मी बारा वर्षांची होते.

डिचोलीच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, आमची गवळी-धनगरांची आठ घरं. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. पाण्याला एकच झर. म्हैस व्याली की पहिला खरवस भाटकाराच्या घरी पोचवायचा, ही आमची रीत. त्या दिवशी तोच घेऊन मी बाबांबरोबर निघाले होते. घसा सुकला, म्हणून झरीखाली ओंजळ धरली. भाटकारीण तिथेच उभी होती.

"हात काढ गो! म्हशी पितात थंय पी. तोंड लावून."

मी ओणवी झाले. पाण्यावर शेण तरंगत होतं. तिचा मुलगा माझ्याच वयाचा. तो हसला. "आई, हिची शेपडी खंय?"

बाबांनी मी खाली ठेवलेलं भांडं उचलून तिला दिलं. तिने घेतलं. माझ्या ओंजळीने झर बाटत होती. माझ्या हातचा खरवस बाटत नव्हता.

मी शिकले. वाळपईला इंग्रजी शिकवू लागले. गोवा राज्य झालं त्या वर्षी भाटकाराने झरीला आणि चराईला काटेरी तार मारली. आम्ही तक्रार केली. चौकशीला साहेब आले. भाटकार एवढंच म्हणाला, "झर माझी नसती तर हे दरवर्षी खरवस कशाला आणून देतात? म्हाताऱ्यालाच विचारा."

बाबांना खोटं बोलता येत नव्हतं. "होय सायबा. आज्याच्या वेळेपासून देतो."

संपलं. आमची रीतच आमच्याविरुद्ध पुरावा झाली. त्या उन्हाळ्यात आमच्या सहा म्हशी तहानेने मेल्या. सातवी व्याली. बाबा सवयीने भांडं घेऊन निघाले. मी ते हिसकावलं आणि खरवसाचा चीक तारेवर ओतला.

"आजपासून त्या दारात थेंब जाणार नाही."

कोर्टाचे अर्ज मी स्वतः लिहिले. वर्षं गेली, बाबा गेले. शेवटी झरीचा आणि चराईचा हक्क आमच्या आठ घरांच्या नावे लागला. जमीन भाटकाराचीच राहिली.

गेल्या महिन्यात भाटकारणीचा तो मुलगा आला. आता म्हातारा. सडा विकायचाय, पण आम्ही हक्क सोडल्याशिवाय कोणी घेत नाही. माझी सही हवी होती. सोबत म्हापशाच्या दुकानातून आणलेला डबा. उघडला. खरवस.

मी आठही घरांना हाका मारल्या. सगळ्यांसमोर डबा हातात घेतला. "नीट बघून ठेवा. खरवस कोणी कोणाच्या दारात आणला?"

तो पांढरा पडला. पाणी मागितलं. मी झरीखालच्या डोणीकडे बोट दाखवलं.

त्याला शेपडी नव्हती. तरी पायांत शेपडी घालून गेला.

मुलांनो, माझ्यामागे वारस म्हणून तुम्ही राहता तिकडे हक्क सोडायचे कागद येतील. गोड बोलतील, बायकामुलांची शपथ घालतील. एकानेही सही करायची नाही. तो मरेपर्यंत त्या सड्यावर म्हशी चरतील. तो मेल्यावरही चरतील.