बोल्टावरचा चुना

काँग थेइलिनला, म्हणजे थेइलिनताईला, एक काळजी सोडत नव्हती. तिची लेक रिसाहुन "झालं, न्या" म्हणायची आणि जीप वर्कशॉपमधून बाहेर पडायची. पुढे मॉकडॉकच्या पुलापाशी, जिथे धुक्यात समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नाहीत, तिथे वायपर अडकला तर? आत दहा माणसं, एका अंगाला दरी. शाळेत वह्या तपासताना मध्येच तिला ती आंधळी काच दिसायची आणि हातातली लाल पेन्सिल तशीच राहायची.

रिसा तिची सगळ्यात धाकटी मुलगी, म्हणजे खासी रीतीप्रमाणे घर तिचंच. धाकटीनं घर सोडून कुठे जायचं नसतं, आणि शिक्षणापुरतं सोडलं तर ती गेलीही नव्हती. फक्त घराखाली जिथे पूर्वी संत्र्यांच्या करंड्या ठेवत, तिथे तिनं गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप मांडलं. शिलाँगच्या आयटीआयमध्ये वर्गात ती एकटी मुलगी. तिथून परतली तेव्हा तिच्या पेटीत कपड्यांपेक्षा वायरींची भेंडोळी जास्त होती. त्यांच्या सोहरा गावाला पाऊस कधी कमी पडत नाही, त्यामुळे वायपरचं कामही कमी पडत नव्हतं.

थेइलिनचा थोरला भाऊ शानबोर याला मात्र ते पसंत नव्हतं. खासी घरात मामाचा शब्द मोठा. त्यानं शिलाँगच्या एका शाळेत रिसासाठी कारकुनाची जागा पाहून ठेवली होती. रोज ये-जा करता आली असती. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"धाकटीनं घर सांभाळायचं असतं, दुसऱ्यांच्या जीपा नाहीत," तो म्हणाला होता.

"घर माझ्या डोक्यावरच आहे मामा, वर बघा," रिसा खालून म्हणाली होती.

थेइलिन हसली होती, पण मनातून तिला ती नोकरी हवी होती. कारकुनाच्या चुकीनं कुणी दरीत जात नाही.

शुक्रवारी दुपारी ती जादोहचा, म्हणजे मांस घालून शिजवलेल्या भाताचा, डबा घेऊन खाली उतरली, तर बाह किटबोकची जीप उभी. हा सोहरा-शिलाँग फेऱ्या मारणारा जुना ड्रायव्हर, म्हणून आदरानं 'बाह'. तोंड अगदी उतरलं होतं.

"पावसात वायपर मरतो, काँग," तो थेइलिनला म्हणाला. "दोन ठिकाणी दाखवलं. एकानं मोटर बदलली, दुसऱ्यानं बटण. त्यांच्या दारात झकास चालतो. घाटात गेलं की झोपतो. काल मागे बसलेल्या बाई रडायला लागल्या. आज माझ्या गाडीत बसायला कुणी तयार नाही."

रिसानं वायपर लावून पाहिला. काचेवर पाणी ओतलं, पुन्हा लावला. बिनतक्रार चालला. मग ती हात पुसत बाजूला झाली.

"बाह, आत बसा. घाटात बसता तसे. जे जे करता ते सगळं करा, काही सोडू नका."

"काय नाटक आहे पोरी?"

"करा तर."

किटबोक बसला. इंजिन सुरू केलं, दिवे लावले, वायपर लावला. काच आतून धुकटते म्हणून पंखा लावला, आणि तिथेच वायपर मंदावला. दोन फेऱ्या ओढल्यासारख्या झाल्या आणि मध्येच उभा राहिला.

"आधीच्यांनी पंखा लावून पाहिला होता?"

"त्यांच्याकडे ऊन होतं. पंखा कशाला लावू?"

रिसानं बॉनेट उघडलं. मोटरच्या तारेला तपासणीचा दिवा लावला. तो लख्ख पेटला. मग बॅटरीच्या वजा टोकापासून एक सुटी वायर ओढून तिनं मोटरच्या अंगाला टेकवली. वायपर एकदम पळायला लागला.

"करंट येतोय मेइ, पण त्याला परत जायला वाट नाही," ती आईला म्हणाली. "पंखाही त्याच वाटेनं परततो. दोघं एकदम आले की कोंडी होते. आता ती वाट कुठे बुजलीय ते शोधायचं."

किटबोकला तेवढ्यात सवयीनं तल्लफ आली होती. त्यानं पानाला चुना लावला, सुपारीसकट तोंडात टाकलं आणि बोट उजव्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खाली पुसलं. न बघता.

रिसा एकटक बघत होती. ती वाकली, टॉर्च मारला आणि जमिनीवर बसूनच हसायला लागली.

तिथे एक बोल्ट होता. बोल्ट कसला, पांढरं वारूळच. वर्षानुवर्षांच्या चुन्याचा थर, त्याखाली हिरवी पडलेली तांब्याची चकती, आणि तिच्यात अडकलेल्या दोन तारा, एक वायपरची आणि एक पंख्याची.

"आमची मेइ दाराच्या चौकटीला पुसते, तुम्ही अर्थिंगला, करंटच्या परतीच्या वाटेलाच."

"सगळेच ड्रायव्हर तिथे पुसतात," किटबोक ओशाळून म्हणाला. "मग कुठे पुसू?"

"बायकोनं दिलेला रुमाल कशाला आहे?"

तिनं बोल्ट खरवडून चकाकवला, नवी चकती बसवली, ग्रीस लावलं. मग वायपर, पंखा, दिवे, हॉर्न, सगळं एकदम लावून अर्धा तास तसंच ठेवलं. त्या अर्ध्या तासात ती जेवलीसुद्धा नाही. रिसा गाडी अशी तपासूनच "झालं" म्हणते, हे थेइलिनला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

"झालं, न्या," रिसा म्हणाली.

"नेतो, पण बसणार कोण?" किटबोकनं विचारलं.

"मी," थेइलिन म्हणाली, आणि पुढच्या सीटवर चढली. रिसानं आईकडे पाहिलं आणि दार नीट लावून घेतलं.

मॉकडॉकच्या अलीकडे धुकं आलं आणि लगोलग पाऊस, बादल्यांनी ओतल्यासारखा. किटबोकनं पंखा लावला. थेइलिननं काचेवर नजर रोखली. वायपर गेला, आला, गेला, आला. तिनं साठपर्यंत मोजलं, मग पुन्हा एकपासून. दुसऱ्या साठाच्या मध्येच कधीतरी मोजायचं राहून गेलं.

"पोरगी तयार आहे तुमची," किटबोक म्हणाला. "उद्या स्टँडवर सगळ्यांचे गुडघे तपासायला लावतो."

त्यानं तिला सुपारी आणि चुना लावलेलं पान दिलं. बोटाला लागलेला चुना पुसायला तिचा हात सवयीनं खाली गेला, थबकला, आणि तिनं तो आपल्या चौकड्यांच्या ओढणीला पुसला. किटबोकनं रुमाल काढला. दोघांनाही हसू आवरेना.

पुलापलीकडे चहाच्या टपरीपाशी तिनं गाडी थांबवायला सांगितली. तिथे मोबाइलला रेंज मिळायची. शनिवारला अजून एक रात्र होती, पण तिला तोवर थांबायचं नव्हतं. शानबोर रागावेल, मोठ्यानं बोलेल, हे तिला माहीत होतं. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, हे सांगायचं, आणि मग त्या बोल्टाची गोष्ट सुरुवातीपासून सांगायची, असं ठरवून तिनं दादाचा नंबर काढला.