चांदीपच्या रानात खोप बांधताना

वसईच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती कळायला कठीण नव्हती. ह्यांचा दमा ओलीमुळे वाढतो, तर ओल नसेल तिथे ह्यांना ठेवा. गासला आमच्या वाडीत ओल नाही अशी हातभर जागा नव्हती. पाऊस सरला की आमच्याकडे शिंपणं सुरू होतं. रहाट फिरतो, पाट वाहतात, केळीच्या आणि पोफळीच्या आळ्यांत पाणी उभं राहतं, आणि घर त्या सगळ्याच्या मधोमध. इतरांना दिवाळीनंतर कोरडे दिवस लागतात, आम्हाला तेव्हाच ओले लागतात. थंडी पडली की ही ओल रात्री घरात शिरायची आणि हे उशांना टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून, पहाटेपर्यंत बसून राहायचे. मागच्या थंडीत दोनदा असं झालं की मला वाटलं, आता श्वास परत येत नाही.

म्हणून मी ठरवलं की थंडीच्या आत चांदीपला खोप उभी करायची. तिथे रानाला लागून, थोड्या चढावर, सासऱ्यांनी गवतासाठी घेतलेला माळ होता. कडेने ऐन, पळस, मोहाची दोन जुनी झाडं. जमीन मुरमाड, पाऊस थांबला की चार दिवसांत पायाखाली कुरकुरणारी. एक खोली, पुढे ओटा, मागे चुलीपुरता आडोसा. यापेक्षा जास्त काही मला नको होतं. काय काय लागेल ते लिहून काढलं, कोणतं काम कोणत्या कामाच्या आधी तेही लिहिलं. कागदावर ते काम पंधरवड्याचं दिसत होतं.

पहिली अडचण माणसांची. त्या दिवसांत पूर्वेकडची सगळी गावं गवतात असतात. भात कापून झालं की माळामाळावर गवतकापणी, मग गठ्ठे बांधायचे, गाड्या भरायच्या, सगळं मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना. एका पाड्यावर मी स्वतः जाऊन विचारलं तर तिथली बाई म्हणाली, "आता कोन येल बाय? मानसा माळावर, पोरा माळावर. घरात म्हातारी न कोंबडी. कोंबडी घेऊन जातंस का कामाला?" ती हसली. मला हसू आलं नाही. छपराला गवत घालायचं म्हटलं तर आमच्याच माळाचं गवत मक्त्याने आधीच दिलेलं. पत्र्याचा विचारच नको. लढाई संपली होती तरी पत्रे आणि खिळे परमिटाशिवाय मिळत नव्हते. सागाला हात लावायचा तर जंगलखात्याची परवानगी.

तेव्हा आपलं आपणच बांधायचं, आणि वाडीत जे आहे त्यातूनच बांधायचं, असं ठरलं. उंडीचं एक जुनं झाड पाडून खांब केले. पोफळीचे वासे केले. झावळ्यांचे झाप मी आणि सासूबाईंनी मिळून विणले. कारवी तेवढी रानातून मिळणार होती, भिंतींच्या कुडासाठी.

गाडी न्यायची होती माझ्या दिराने. मनाने तो चांगला, पण त्याला कोणतंही काम सांगितलं की वाटेत दुसरं सुचतं. आज शिंपण्याची पाळी आहे वहिनी, उद्या नेतो. उद्या बैल लंगडतो. परवा सोपाऱ्याच्या बाजारात केळी घालायची. शेवटी एकदाची गाडी निघाली. मी आदल्या दिवशी पुढे जाऊन पाड्यावर मुक्काम केला होता आणि सकाळपासून खांबांचे खड्डे घेत बसले होते. दुपार टळल्यावर गाडी आली. वर ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"भाऊजी, काथ्या कुठाय?"

"काथ्या राहिला बघा."

"मग झाप कशाने बांधायचे?"

"ते बघू. पण वहिनी, मुनवे आणलेत. दादाने स्वतः निवडून दिलेत." त्याने गोणपाट उघडून दाखवलं. केळीचे मुनवे होते, टोकदार, ताजे, मुळांना आमच्या वाडीची काळी माती.

"हे कशाला?"

"कशाला म्हणजे? घर बांधतोय ना? घराला चार केळी नकोत?"

मी त्याला परत पाठवलं. काथ्याशिवाय येऊ नका म्हणून सांगितलं. मुनवे मी मोहाखाली टाकून दिले, सुकून जातील म्हणून. चुकलं ते तिथेच. मुनवा इतक्या सहजी सुकत नाही हे वाडीत जन्म काढलेल्या मला माहीत असायला हवं होतं.

खांब उभे केले. त्यातला एक बाहेर झुकला, तो काढून पुन्हा पुरला. कूड विणायला तीच पाड्यावरची बाई आली, गवतातून एक दिवस सुटी काढून. तिचा हात चालायचा तेवढंच तोंडही. "वाडीवाले लोक, न खोप बांधतात," म्हणायची. "मारी बांधता येत नाय काय?" मी म्हटलं, माडी बांधायची हौस नाही, माणूस झोपवायचाय. मग ती माती-शेणाचा लेप एका दमात पुरा करून गेली.

कूड सुकतो न सुकतो तोच हे पाहायला आले. येऊ नका असा निरोप धाडला होता, तरी गाडीत बसून आले. खाली उतरून झाडाशी टेकून बराच वेळ श्वास आवरत उभे राहिले, आणि बोलण्याइतका श्वास आला तसे म्हणाले, "दार इकडे का?"

"कारण चढ तिकडे आहे. पाणी दारात यायला नको."

"आपल्याकडे दार पश्चिमेला असतं. वारा येतो."

"इथे समुद्र नाही."

"वारा कुठूनही येतो."

दिराने त्यांची बाजू घेतली. दोघा भावांनी मिळून विणलेला कूड एका बाजूने मोकळा केला आणि दार पश्चिमेला नेलं. दोन दिवस त्यात गेले. मी कारवी हातात देत राहिले, वाद घातला असता तर तिसराही गेला असता. पश्चिमेकडून वारा आला नाही. समोरच्या टेकाडावर अडायचा. उलट त्या बाजूने गवताच्या गाड्या जायच्या, त्यांची धूळ यायची. चुलीपुढचा झाप काढून मला दारावर लावावा लागला.

पण खोप झाली. थंडीची पहिली झुळूक आली त्या आठवड्यात मी ह्यांना तिथे नेलं. पहिले काही दिवस ते उशांना टेकूनच झोपले, सवयीने. मग एक उशी गेली, दुसरी गेली. एका सकाळी मी चहा घेऊन आत गेले तर हे आडवे, कुशीवर, तोंड किंचित उघडं, आणि छातीतून आवाज नाही. मी कप खाली ठेवून तिथेच बसले. उठवायचा धीर होईना. इतक्या दिवसांची चिडचिड त्या सकाळी तरी उतरली.

मग घरी सासऱ्यांचं श्राद्ध आलं. मला जाणं भाग होतं. ह्यांच्याजवळ सासूबाईंना ठेवलं आणि दिराला दिवसाआड फेरी मारायला सांगितलं. श्राद्धाच्या मागोमाग वाडीतली विड्याची पानं खुडायची होती, ते झालं, मग पाहुणे राहिले. मी परत आले ती नेहमीच्या वाटेने, मोहाच्या बाजूने, आणि लांबूनच मला खोपीभोवती हिरवं दिसलं.

त्यांनी सगळं लावलं होतं. टाकून दिलेले मुनवे तर लावलेच होते, शिवाय दिराने प्रत्येक फेरीला काही ना काही आणलेलं: पोफळीची रोपं, अळू, कुडाला चढवलेला पानवेल. प्रत्येकाला गोल आळं. मोरीचं पाणी पन्हळीने केळीत वळवलेलं. खालच्या ओहोळावरून दिराने घागरी आणून पिंप भरून ठेवलेलं, आणि सासूबाई तांब्याने आळी भरत होत्या. कुडाचा खालचा हातभर भाग काळपट ओला झाला होता. मी बोट लावलं तर माती बोटाला आली.

हे ओट्यावर बसले होते. गुडघ्यांवर हात. मी जवळ जायच्या आधीच मला छातीतली शीळ ऐकू आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीने आहे," ते म्हणाले.

"थंडी मी गेले तेव्हाही होती."

मी पदर खोचला आणि पहिली केळ धरून उपटली. सासूबाई धावत आल्या. "अगं, केळीला हात लावतेस? लेकुरवाळं झाड ते."

"आई, तुमच्या लेकराला श्वास लागतोय तो ऐका."

"झाडाने श्वास लागतो होय? आमचा जन्म गेला झाडांत."

"तुमचा गेला. ह्यांचा जायला नको."

त्या मागे सरल्या. मग ह्यांनी तोंड उघडलं. मध्ये थांबत, दोन-दोन शब्दांनी बोलत होते. "दिवसभर... इथे बसून... बघायचं काय? दगड? मी वाडीवाला माणूस आहे. सकाळी उठून... काहीतरी वाढलेलं... दिसायला नको?"

खांब, वासे, काथ्या, चुलीचे दगड, सगळ्याचा विचार मी केला होता. माणूस तिथे दिवसभर काय करील याचा केला नव्हता, आणि त्या क्षणी करायला वेळही नव्हता. मी उपटत राहिले. पानवेलसुद्धा ओढून काढला. आळी मुरमाने बुजवली, कुडाचा ओला भाग खरवडला आणि तो सुकायला ओट्यावर शेगडी लावली. हे पाठ करून बसले. संध्याकाळी जेवले, पण माझ्याकडे बघितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. कूड सुकला तसा श्वास सुधारला. तरी बोलले नाहीत.

तिसऱ्या सकाळी हे दिसेनात. मी खोपीच्या मागे गेले. उपटून टाकलेल्या ढिगातले मुनवे कमी झाले होते. खाली पाहिलं तर ओहोळाच्या काठी हे वाकून माती उकरत होते. खोपीपासून लांब, कुडाला ओल लागणार नाही इतकं, म्हणजे माझ्या बाजूने तक्रारीला जागाच ठेवली नव्हती त्यांनी. पण मध्ये चढ होता, आणि परत येताना तो चढायचा होता.

त्या हिवाळ्यात तेच चाललं. चहा झाला की एक मुनवा खांद्यावर टाकून, काठी घेऊन हे खाली जायचे. सगळे लावून झाल्यावर नुसतेच पाणी घालायला जायचे. रात्री आडवे झोपायचे, ते मी मिळवलेलं होतं. सकाळी चढावर निम्मं ते घालवायचे. भाऊजींना पाणी घालू द्या म्हटलं तर म्हणायचे, त्याला आळं भरता येत नाही. मी घालते म्हटलं तर म्हणायचे, तू उपटशील.

परत येताना अर्ध्यावर एक खडक आहे, तिथे ते टेकायचे. मी सुपात तांदूळ घेऊन मागच्या आडोशाशी उभी राहायचे आणि वरून हाक द्यायचे, "अहो, येऊ का खाली?" ते मान वर करायचे नाहीत. हात तेवढा वर करायचे, नको म्हणून. मग तो हात तसाच वर, आणि ते श्वास मोजत खडकावर बसलेले, आणि मी सूप धरून आडोशाशी, ते उठेपर्यंत.