हुंकार

आज सकाळी अमेरिकेतून माझ्या भावाचा, सुधीरचा, फोन आला. नोकरी गेल्याचं तो आईला सांगत होता. फोन स्पीकरवर होता आणि आई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

ही सवय तिला त्यानेच लावली. इंटरनेटवरून बोलणं नवीन होतं तेव्हा आम्ही कॉम्प्युटरला माइक जोडून बसायचो. त्या सॉफ्टवेअरमधून एका वेळी एकाचाच आवाज जायचा. आई प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायची आणि त्याचं पुढचं वाक्य तुटायचं.

"आई, हुंकार नको देऊस गं! मी काय गोष्ट सांगतोय?" तो वैतागायचा. आईने मुकाट्याने पदर तोंडावर धरला.

आमच्याकडे हुंकार थांबला की गोष्ट सांगणाराही थांबतो. ऐकणारं कुणी नसेल तर सांगायचं कुणाला? यंत्राला मात्र त्या 'हं'ची अडचण झाली. पुढे यंत्रं सुधारली. आता दोघं एकदम भांडली तरी दोघांचं ऐकू येतं. आईला हे कितीदा सांगितलं, पण सुधीरचा फोन आला की पदर वर जातोच.

"आई? ऐकतेयस ना?" सुधीरने विचारलं.

आईने जोरजोरात मान हलवली. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत तो म्हणाला, "डोळा लागला वाटतं. असू दे." आणि त्याने फोन ठेवला.

मी लगेच उलट फोन लावला. तो उचलेना. घंटी वाजत राहिली, तेव्हा आईने पदर खाली घेतला.

"हं," ती म्हणाली. "पुढे काय रे?"