नानांचं खुंटाळं

आमच्या घराचं दार वाजलं की नाना ते उघडत नसत, आधी चौकशी करत. परक्यांची केली असती तर एक वेळ समजून घेता आलं असतं, पण ते पोटच्या मुलीलाही सोडत नसत.

"कोण?"

"मी, कुमुद."

"कुमुद कशावरून?"

"नाना, आवाज ओळखत नाही का माझा?"

"आवाज काय, कुणीही काढेल. सकाळी जाताना हातात काय होतं?"

"शिवणाची पिशवी."

"बंद कसला तिचा?"

"तुटका. तुम्हीच गाठ मारून दिलीत."

मग कुठे कडी निघायची. तोवर मी उन्हात उभी, आणि चाळीतल्या बायका आपापल्या दारातून माझी मजा बघायच्या. डोंबिवली तेव्हा इतकी लहान होती की दार उघडं टाकून लोक विहिरीवर जायचे. आमच्या दाराला मात्र आतून कडी, वर अडसर.

दोष त्यांच्या नोकरीचा, असं आई म्हणायची. नाना कल्याण स्टेशनात कारकून होते. गाडीत विसरलेल्या वस्तू जिथे जमा होत, त्या खिडकीशी त्यांची खुर्ची. छत्र्या, ट्रंका, डबे, चपलांचे जोड, एकदा तर कुणाची कवळी. त्या प्रत्येक वस्तूसाठी कुणीतरी यायचं आणि "माझीच आहे" म्हणायचं. नाना विचारायचे, "मूठ कसली? काडी कुठली मोडकी?" एका छत्रीवर दोन-दोन मालक भांडताना त्यांनी पाहिले होते. "वस्तूला विचारावं," असं ते म्हणत. "माणूस काय, काहीही सांगेल." दूधवाल्याला, भाजीवाल्या बाईला, शेजारच्या जोशीबुवांना, सगळ्यांना हाच न्याय. बुवांनी एकदा सत्यनारायणाचा प्रसाद पाठवला, तर नाना म्हणाले, "आज एवढा शिरा का बरं?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मी लग्नाची झाले आणि हसू आटलं.

माझं पहिलं स्थळ भिवंडीकडचं. मुलगा आला, पोहे खाल्ले, चहा प्यायला, चार प्रश्न विचारून गेला. मला बरा वाटला होता. नानांनी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. आई चक्रावली.

"अहो, काय खोट होती त्याच्यात?"

"उकाडा असून कोट काढला नाही त्याने. अंगावरून कोट काढत नाही म्हणजे आत काहीतरी आहे."

"आत माणूस आहे हो. आणि काढून ठेवणार कुठे? ह्या दोन खिळ्यांवर? एकावर तुमचा कोट, दुसऱ्यावर चाळणी."

आईने हे वैतागून म्हटलं होतं. नानांनी ते मनावर घेतलं. ते बराच वेळ त्या खिळ्यांकडे बघत बसले आणि म्हणाले, "खुंटाळं हवं."

सुताराला सांगायचा प्रश्नच नव्हता. सुतार सागवान सांगणार आणि आंबा लावणार, यावर नानांचा ठाम विश्वास. ते स्वतः कल्याणच्या वखारीत गेले. फळी नखाने खरवडली, नाकाशी धरली, उन्हात नेली, सावलीत आणली. वखारवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, घेऊन जा, पण आता चावून बघू नका." फळी डोक्यावर घेऊन नाना घरी आले. वाटेत कुणी बदलू नये म्हणून मागच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ठेवली होती आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर आधी ती तपासली. डोक्यावरची फळी बदलणार कोण आणि कशी, हे विचारायची सोय नव्हती.

रविवारमागून रविवार त्यात गेले. करवत आणि भोकं पाडायचं गिरमिट मागून आणलं, पण देणारा शिकवायला आला तेव्हा त्याला दारातूनच वाटेला लावलं. खुंट्या चाकूने तासल्या, मग फुटक्या काचेने घासून घासून गुळगुळीत केल्या. पहिल्या खेपेला भोकं सरळ पाडली, त्यामुळे खुंट्याही सरळ बसल्या आणि टांगलेला कोट हळूहळू घसरत खाली यायचा. नानांना वाटलं, मीच जाता-येता धक्का देते. ते खुर्ची टाकून खुंटाळ्यासमोर पहाऱ्याला बसले. कोट त्यांच्या डोळ्यांदेखत पडला. आई आतून म्हणाली, "खुंटीने जरा वर बघायला हवं. आमच्या गावाकडे अगदी गोठ्यातली खुंटीसुद्धा वर बघते." पुढच्या रविवारी नानांनी दुसऱ्या बाजूला तिरकी भोकं पाडली. जवसाचं तेल दिल्यावर मात्र ते इतकं देखणं दिसायला लागलं की बायका बघायला येऊ लागल्या. नाना त्यांना लांबूनच दाखवायचे.

खुंटाळं दाराजवळ लावतील असं आम्हाला वाटलं होतं. नानांनी ते खिडकीच्या कडेला लावलं. का, ते पुढच्या स्थळाच्या वेळी कळलं. पाहुणा आत आला की नाना पुढे व्हायचे, "द्या, कोट द्या, मी ठेवतो." एवढं सुंदर खुंटाळं बघून पाहुणाही खुशीत कोट द्यायचा. कोट खिडकीच्या उजेडात टांगताना नाना तो वाचून काढायचे. अस्तर, कोपर, काखेतला घाम, बटणांचा दोरा. पाहुण्याकडे त्यांची पाठ असल्यामुळे त्याला पत्ता लागायचा नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असायचे. माझं नशीब कसलं, तर आधी कोट पास व्हायला हवा होता.

एक जण साहेब म्हणून सांगून आला होता. त्याच्या उजव्या बाहीचं कोपर घासून चकाकत होतं. "साहेब सही करतो. हा दिवसभर लिहितो," नाना म्हणाले. दुसऱ्याला सुपारीचंही व्यसन नव्हतं म्हणे, आणि खिशाच्या तोंडाशी विडीने जळलेलं भोक. दोन्ही वेळा नाना खरे ठरले, हीच पंचाईत. चुकले असते तर भांडता आलं असतं. इकडे माझ्या बरोबरीच्या मुली बाळंतपणाला माहेरी यायला लागल्या होत्या, आणि मी त्यांच्या बाळांची झबली शिवून देत होते.

मग ठाण्याहून माधव आला. शाळामास्तर. आईवडील लहानपणीच गेलेले, काका-काकूंनी वाढवलेला. बरोबर ते दत्तूकाका होते, बुटके, अंगात सदरा आणि खांद्यावर उपरणं. कोट फक्त माधवच्या अंगात होता.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन आले तेव्हा नाना खिडकीशी उभे होते. कोटाची बाही त्यांच्या बोटांत होती. मी शिवणाऱ्या हाताची, मला लांबूनच दिसलं. बाहीच्या टोकाशी कापडाचा एक गडद पट्टा होता. आत दुमडलेलं, ऊन न लागलेलं कापड उसवून बाही लांब केली होती, आणि तेही अगदी ताजं. कोट मुळात दुसऱ्याचा, आखूड हातांच्या माणसाचा. नानांना जे कळलं ते मलाही कळलं, आणि ते कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. कारण आधी पाणी द्यायला आले तेव्हा माधवने मला विचारलं होतं, "तुम्ही शिवता ते तुम्हाला आवडतं, की शिवावं लागतं?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

नाना येऊन खुर्चीवर बसले. स्टेशनातल्या खिडकीशी बसतात तसेच, ताठ.

"कोटाच्या आतल्या खिशात काय आहे तुमच्या?"

आईने कपाळाला हात लावला. माधवने बशी खाली ठेवली.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "कोट माझा नाही. काकांचा आहे."

नाना त्याच्याकडे बघतच राहिले. सगळी नोकरी "माझंच आहे" ऐकण्यात गेलेली. समोर उभं राहून "माझं नाही" म्हणणारा माणूस त्यांना भेटलाच नव्हता. त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, जमलं.

पण दत्तूकाका उठले. त्यांनी खुंटीवरचा कोट काढला आणि स्वतःच्या अंगात घातला. लांब केलेल्या बाह्या त्यांच्या बोटांच्याही खाली आल्या.

"पोराला चांगला कोट नाही म्हणून माझा घातला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या पोराच्या अंगावर माझा कोट. त्याचा तुम्ही पंचनामा करताय. चल रे माधव."

माधवने जाताना एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या माझ्याकडे बघितलं, पण तो काकांच्या मागून गेला. पोहे तसेच राहिले.

नाना म्हणाले, "एवढं रागवायचं कारण काय? रागावणारा माणूस काहीतरी लपवतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभी राहून बोलले. "नाना, बाही तुम्ही पाहिलीत, टाके पाहिलेत का? एकेक टाका तांदळाएवढा होता. काकूने रात्रभर डोळे फोडून घातले असतील. फसवणारा माणूस असले टाके घालत बसेल? तुम्ही आधी नाकारलेत ते मला चालले. हा मला हवा होता."

त्या काळात वडिलांना असं सांगणारी मुलगी म्हणजे डोक्यावरून पाणी. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी नानांशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, पाणी द्यायचे, पण शब्द नाही. आठवडाभर ते खुंटाळ्याखालून जाताना मान खाली घालून जायचे.

पुढच्या रविवारी जेवण होताच त्यांनी कोट चढवला आणि कुठे चाललो ते न सांगता बाहेर पडले. दिवेलागणीला परतले ते नुसत्या सदऱ्यावर. आईने त्यांना दारातच धरलं. त्या दिवशी चौकशी तिने केली.

"कोट कुठाय?"

"राहिला."

"कुठे राहिला?"

"ठाण्याला. दत्तूकाकांकडे."

आईने माझ्याकडे बघितलं. मी कणीक मळत होते, माझे हात थांबले.

"काढलात कशाला पण?"

"गेल्या गेल्या काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हा माझा. सगळे खिसे बघा."

"मग?"

"त्यांनी घेतला आणि खिळ्यावर अडकवला. म्हणाले, बसा, ऊन फार आहे."

"खिसे बघितले?"

"नाही. पाठ करून बसले कोटाकडे." नाना खुर्चीवर बसले. "का बघितले नाहीत, ते काही कळेना मला. मग काकूंनी ताक दिलं. मी म्हटलं, परवा चुकलं माझं. ते काही बोलले नाहीत. मी उठून आलो."

"आणि कोट विसरलात."

"ठाण्याच्या स्टेशनातच आठवण झाली. पास खिशात. गोदामाच्या किल्ल्याही खिशात."

आई मटकन खाली बसली. ज्या किल्ल्या नाना झोपतानाही उशाशी घेत, ज्यांच्यावाचून सकाळी खिडकी उघडली नसती आणि साहेबाने त्यांना उभं केलं असतं, त्या किल्ल्या त्यांच्यावर चिडलेल्या माणसाच्या घरी होत्या.

"मग परत का नाही गेलात?"

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत गेलो असतो तर त्यांना वाटलं असतं, हा किल्ल्या बघायला आला."

मी कणकेचे हात तसेच घेऊन त्यांना पाणी द्यायला उठले. "घ्या नाना," म्हटलं. आठवड्यातला तो माझा पहिला शब्द.

सकाळी नाना कामावर निघायच्या बेतात होते. आई दार उघडून उंबरा पुसत होती, तर समोर दत्तूकाका. अंगात त्यांचा तोच कोट, हातावर घडी करून नानांचा.

"तुम्हाला आज लागेल म्हणून पहिल्या गाडीने आलो," ते म्हणाले. "बघून घ्या खिसे. मी हात लावलेला नाही."

नानांनी कोट घेतला. मी दाराआडून बघत होते, आई ओला फडका तसाच धरून उभी होती. नानांनी डावा हात बाहीत घातला, मग उजवा, आणि वरपासून खालपर्यंत बटणं लावली. खिशाला हात लावला नाही.

"लग्नातला कोट आमच्याकडून," ते म्हणाले. "माप मुलाच्या अंगाचं घ्यायचं."

दत्तूकाका म्हणाले, "बाही लांब ठेवायला सांगा. हात लांब आहेत त्याचे."

"सांगतो. तुम्ही बसा, चहा घ्या. माझी गाडी चुकेल." आणि नाना जिना उतरले.

दत्तूकाकांनी आपला कोट काढला आणि स्वतःच खुंटीला लावला. बाह्या पुन्हा आत दुमडून शिवल्या होत्या, त्याच बारीक टाक्यांनी. मी चहाचं आधण ठेवायचं सोडून गॅलरीत धावले. नाना विहिरीच्या वळणापर्यंत पोचले होते. तिथे ते थांबले. त्यांनी मागे चाळीकडे एकदा पाहिलं, आणि त्यांचा उजवा हात हळूच वर यायला लागला. तो खिशाकडे गेला की कपाळ पुसायला, ते मला माहीत नाही. मी तोंड फिरवलं आणि आत निघून आले.