गेरूत लिहिलेलं नाव
परवा बायकोनं तुळशीवृंदावनाला गेरू लावला आणि त्या ओल्या वासानं मला कसबा बावड्यातल्या पाथरवटाच्या छपरात नेऊन उभं केलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वडील, आमचे आबा, गेले, तेव्हा शेतातल्या त्यांच्या समाधीसाठी आम्ही काळा दगड कोरायला दिला होता. पाथरवट सगळा मजकूर आधी गेरूनं लिहायचा आणि घरच्यांनी वाचल्यावरच छिन्नी धरायचा. वडिलांच्या नावाखाली माझं नाव होतं, त्याखाली थोरल्या बहिणीचं, अक्काचं. "एकदा कोरलं की जन्मात निघत न्हाय, पावणं. आत्ताच काय ते बघा," तो म्हणाला. चुलते गरजले, "दिल्या घरच्या लेकीचं नाव आपल्या दगडावर? काढ ते!" मी ओलं फडकं घेतलं आणि अक्काचं नाव पुसलं. वर बघितलं, तर अक्का समोर उभी. "चार वर्षं आबांचं हागणं-मुतणं काढलं, तवा कुणी माझं सासर इचारलं न्हाय. आन् तू? पुण्यासनं सणाला जेवायला यायचास की रं!" तिनं फडकं हिसकावून माझंही नाव पुसलं आणि ती चालती झाली. "आता काय कोरू?" पाथरवटानं विचारलं. मला लाज वाटायला हवी होती. मला तिचाच राग आला. "माझं नाव परत लिहा," मी म्हणालो. अक्का त्या शेतात पुन्हा कधी आली नाही. दर पुण्यतिथीला मी एकटाच दगड धुतो. माझ्या नावापाशी आलो की बोटं सोलवटेपर्यंत घासतो. ते निघत नाही.