उलटी पुस्तकं

सिडकोतला गोरक्ष गायखे अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडून लायब्ररी काढून बसला, तीही मांगाची, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायच्या जपानी चित्रकथांची. लोकांनी वेड्यात काढलं. पण माणूस बघून पुस्तक सुचवावं ते गोरक्षनंच! परीक्षेत आपटलेल्याला तो सतत हरणाऱ्या संघाची खेळकथा द्यायचा, नवऱ्याशी भांडून आलेलीला हलकीफुलकी प्रेमकथा, फुशारकी मारणाऱ्याला भुताखेतांची. आणि ज्याच्या घरात कुणी गेलेलं असेल त्याला खेड्यातल्या संथ दिवसांची, जिच्यात काहीच घडत नाही अशी. वर प्रत्येकाला बजावायचा, "उजवीकडून उघडा हं, नाहीतर शेवट आधी कळेल."

लोक मान डोलवायचे, मुखपृष्ठाचा फोटो काढायचे आणि घरी जाऊन मोबाइलवर फुकट वाचायचे. पुन्हा निर्लज्जासारखे येऊन म्हणायचे, "भारी होती! आता बघायला एखादी अ‍ॅनिमे मालिका सांगा ना." आणि हा बाबा सांगायचा! पुस्तकं मात्र कोरी करकरीत राहिली.

काल भंगारवाला आला. पोत्यात भरता भरता त्यानं एक पुस्तक डावीकडून उघडलं, तर पहिल्याच पानावर शेवट. तो हसला. "शेठ, छापणाऱ्यानं लय घोळ घातला की. सगळी उलटीच हायेत."

इतकी वर्षं हे वाक्य ऐकलं की गोरक्ष समजावायला हटकून खुर्चीतून उठायचा. काल तो बसूनच राहिला.

"हो," तो म्हणाला, "उलटीच आहेत. भर."