बाहीवरची ठिणगी

काल इस्त्रीखाली साडीची जर करपली आणि त्या वासानं मला थेट पेठेतल्या गणपतीच्या मांडवात नेलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सजीव देखाव्यात आई राणी होऊन पुतळ्यासारखी निश्चल उभी होती. जरीचा अंगरखा तिनंच महिनाभर खपून शिवला होता.

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक समोर येऊन म्हणाले, "कापडं शिवायची, घालून हुभं ऱ्हायचं, ह्यात कसली कला?"

आईनं पापणीही हलवली नाही. तेवढ्यात मशालीची ठिणगी तिच्या बाहीवर पडली. धूर निघाला, तरी ती हलेना. तेव्हा मला तिचा रागच आला होता. आज वाटतं, त्या क्षणी मांडवात आई नव्हतीच.

परीक्षकच धावले. बाहीवर रुमाल दाबत काकुळतीनं म्हणाले, "राणीसाहेब, हात भाजंल की."